पिन १३ बंद, साउंडबारचा आवाज परत

सापडलं! लाईट जाऊन आली की टीव्ही आपोआप सेट-टॉप बॉक्सच्या इनपुटवर जायचा, साउंडबार गप्प व्हायचा आणि आवाज टीव्हीच्या चिरक्या स्पीकरमधून यायचा. त्याचं मूळ बॉक्समध्ये आहे. हा त्रास मागच्या पोस्टमध्ये मांडला तेव्हा बऱ्याच जणांनी ईएआरसीची (टीव्हीचा आवाज साउंडबारकडे नेणाऱ्या एचडीएमआय जोडणीची) केबल बदलायला सांगितलं होतं. केबल निर्दोष आहे.

जोडणी तीच: बॉक्स एचडीएमआय १ ला, स्ट्रीमिंग स्टिक २ ला, साउंडबार ३ वर (ईएआरसी), गेम कन्सोल ४ वर. ब्लू-रे प्लेअरसाठी एचडीएमआय स्विच (एका पोर्टावर अनेक उपकरणं जोडणारा डबा) घ्यायचा विचार होता, त्याबद्दल पुढे. टीव्ही आणि बार इन्व्हर्टरवर आहेत, बॉक्स भिंतीवरच्या साध्या बोर्डावर. जुळे सोलापुरात उन्हाळ्यात लाईटचा लपंडाव चालतो, त्यामुळे सिनेमा ऐन रंगात आला की हा घोटाळा ठरलेला.

शोधायची पद्धत सोपी ठेवली. सिनेमा सुरू ठेवून बॉक्सची एचडीएमआय केबल काढली आणि बोर्डाचं बटण बंद-चालू केलं. काही झालं नाही. केबल परत लावली, बटण दाबलं, टीव्ही लगेच बॉक्सवर. म्हणजे वीज येताच बॉक्स स्वतःहून पूर्ण चालू होतो आणि ‘आता चित्र माझं’ असा संदेश सीईसीवरून (एचडीएमआयने जोडलेली उपकरणं एकमेकांना हुकूम देतात ती सोय) पाठवतो. सीईसीची तार एचडीएमआयच्या पिन १३ वर असते आणि सगळ्या उपकरणांची मिळून ती एकच. पारावर एकाने आवाज चढवला की बाकीचे ऐकत बसतात, तसंच. बॉक्सच्या मेनूत सीईसी बंद करायची सोय नाही, आणि टीव्हीतलं बटण सगळ्या पोर्टांना मिळून एकच आहे.

बॉक्सही इन्व्हर्टरवर घ्या, असं सुचवलं गेलं. पण बॉक्स रात्री अपडेट घेऊन रीस्टार्ट होतो तेव्हाही हेच होतं, त्यामुळे दुखणं तसंच राहिलं असतं. बारच्या केबलवरच सीईसी तोडायचं हा सल्ला तर मुळीच पटला नाही. साध्या एआरसीची (ईएआरसीच्या आधीची आवृत्ती) सुरुवातच सीईसीवरून होते. ईएआरसी आपली बोलणी पिन १४ आणि १९ वर करतं, पण टीव्हीच्या रिमोटने बारचा आवाज कमी-जास्त करायचा तर सीईसी लागतंच. आईला एकच रिमोट हवा, आणि तिचं बरोबर आहे.

म्हणून फक्त बॉक्सच्या केबलला, टीव्हीच्या बाजूला, सीईसी अडवणारा अडॅप्टर लावला. अंगठ्याएवढा तुकडा, आत पिन १३ जोडलेलीच नाही. चित्र, आवाज, एचडीसीपी (कॉपी रोखणारं कुलूप) सगळं जसंच्या तसं. नवी पेठेत मागितला तर एक्स्टेंडर पुढे केला गेला, शेवटी ऑनलाइन मागवला. केबलींचंही सांगतो: सोन्याच्या मुलाम्यासाठी जास्त पैसे देऊ नका. पाकिटावर ‘अल्ट्रा हाय स्पीड’चं स्कॅन होणारं लेबल बघा, ४८ जीबीपीएसची खात्री त्यावरून होते.

मग परीक्षा. सिनेमा लावला, बोर्डाचं बटण बंद, चालू. बॉक्सचा दिवा लागला आणि सिनेमा चालूच राहिला, आवाज बारमधूनच! आईला बोलावून पुन्हा दाखवलं.

आता स्विच. इथवर लिहिल्यावर लक्षात आलं की बारचं एचडीएमआय इन रिकामंच आहे. उठून ब्लू-रे थेट तिथे जोडून आलो. आमचा टीव्ही डीटीएस (डिस्कवरच्या आवाजाचा एक प्रकार) पुढे बारकडे जाऊच देत नाही, त्यामुळे स्विचमधून टीव्हीला जोडला असता तरी त्या डिस्क मुक्याच राहिल्या असत्या. आता बारच्या पट्टीवर ‘डीटीएस-एचडी’ अशी अक्षरं उमटली आहेत. इतक्या दिवसांनी ती पाहून फार बरं वाटलं. स्विच रद्द. कन्सोल मात्र ४ वरच राहील, कारण बार ४के चित्र सेकंदाला ६० फ्रेमच्या पुढे जाऊ देत नाही आणि मला १२० सोडायचे नाहीत.

स्विचचे वाचलेले पैसे मागच्या वायरलेस स्पीकरांकडे वळवतोय. शहाबादी फरशीवर आवाज फार घुमतो, म्हणून सोफ्यामागच्या भिंतीवर दोन जाड सोलापुरी चादरी टांगल्यात. संवाद आताच स्वच्छ ऐकू येतात, तेव्हा मागचे स्पीकर तिथे शोभतील. असे स्पीकर कोणी इन्व्हर्टरवर चालवत असेल तर सांगा, लाईट बदलताना ते बारशी आपोआप परत जोडले जातात का?