जकात कारकुनाचे जंगल

आजची सारी दुपार आंरी रूसोच्या वाघासमोर गेली. (तत्त्वज्ञ रूसो निराळा, हा त्याच्या पुढच्या शतकातला चित्रकार.) चित्र १८९१ चे, लंडनच्या नॅशनल गॅलरीतले, मी अर्थातच पडद्यावर पाहत होतो. प्रतिमा मोठी केली तेव्हा त्याने पाऊस कसा रंगवला आहे ते कळले. झाडे, गवत, वाघ, आभाळ असे सगळे आधी रंगवून झाल्यावर त्यावरून रुपेरी-करड्या रंगाच्या पातळ, आरपार दिसणाऱ्या तिरप्या रेघा ओढल्या आहेत, आणि त्या पानांवरून जातात तशाच वाघाच्या अंगावरूनही जातात. आषाढात घाटमाथ्यावर वाऱ्याबरोबर येणारी सर अशीच दिसते.

हा वाघ प्रवाशांवर झेप घेण्याच्या बेतात आहे, असे रूसोने पुढे सांगितले होते. मला मात्र ते पटत नाही. वटारलेले डोळे, विचकलेले दात आणि वर कडाडणारी वीज पाहता हा वाघ स्वतःच घाबरला आहे, असे मला वाटते. ताडोबात पाहिलेला वाघ पाणवठ्याजवळ आडवा पडून आमच्या जिप्सीकडे ढुंकूनही पाहत नव्हता; वाघाला भेदरलेला रंगवणे हे जंगल न पाहिलेल्या माणसालाच सुचावे.

आणि रूसोने ते खरोखरच पाहिले नव्हते. लष्करात असताना आपण मेक्सिकोला गेलो होतो, अशी आख्यायिका त्याने पसरू दिली. प्रत्यक्षात तो फ्रान्सबाहेर कधी गेलाच नाही. पॅरिसच्या जकात नाक्यावर, म्हणजे आपल्याकडे शहराच्या वेशीवर असत तशाच नाक्यावर, तो नोकरीला होता. चित्रकलेच्या शाळेत न जाता तो शिकला, आणि १८९३ मध्ये, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, नोकरी सोडून पूर्णवेळ चित्रकार झाला. वाघाच्या चित्राला फेलिक्स व्हालोटाँ या तरुण चित्रकाराने १८९१ मध्येच लेखातून मनापासून दाद दिली होती, तरी रूसो पुन्हा जंगलाकडे वळला तो दहाहून अधिक वर्षांनी.

त्याची सामग्री शहरातलीच होती. पॅरिसच्या वनस्पती उद्यानातील काचघरांत परदेशी झाडे होती आणि शेजारच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात पेंढा भरलेले प्राणी होते. १९०५ साली प्रदर्शनात मांडलेल्या, तीन मीटर रुंदीच्या चित्रात हरणावर तुटून पडलेला सिंह तिथल्याच एका मांडणीवरून घेतलेला आहे. सिंहाची नजर मला निर्जीव वाटते, आणि त्याचे कारणही उघड आहे. भोवतीची पाने मात्र तशी नाहीत, कारण ती त्याने जिवंत पाहिली होती. प्रत्येक पात्याची कड स्वतंत्र, हिरव्याची छटा शेजारच्या पानाहून किंचित वेगळी, आणि कुंडीत शोभेल असे रोप थेट माणसाहून उंच झालेले.

वाघ आणि रेडा यांच्या झुंजीचे १९०८ चे चित्र पाहताना मात्र हसू आले. त्यात केळीच्या घडातील केळी खाली तोंड करून लोंबत आहेत. परसात एक तरी केळ लावलेल्या कोकणी माणसाला घड खाली झुकतो आणि फण्यांतली केळी वर वळतात हे सांगावे लागत नाही. तरीही ती चूक मला खटकली नाही. खटकते ते दुसरेच: त्याच्या या जंगलांत कुजलेला ओंडका, किडीने पोखरलेले पान, वाळवीचे वारूळ असे काही मला सापडले नाही. तिथे प्राणी प्राण्याला फाडतो, घुबडाच्या चोचीत मांसाचा तुकडा लोंबतो, पण झाडावर या साऱ्याचा एक ओरखडाही उमटत नाही. काचघरात माळी रोज पाने पुसत असेल, तशी ही स्वच्छता आहे.

म्हणूनच त्याचे १९१० चे शेवटचे मोठे चित्र मला सर्वांत प्रामाणिक वाटते. त्यात भर जंगलात एक स्त्री दिवाणखान्यातल्या कोचावर पहुडली आहे आणि सिंह झाडीतून डोकावत आहेत. कोच तिथे कसा, या प्रश्नावर ती झोपेत असून जंगल तिच्या स्वप्नात आहे, असा खुलासा रूसोने केला होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो वारला. खुलाशाची खरे तर गरज नव्हती. तोवरच्या प्रत्येक जंगलात कोच होताच, फक्त त्याने तो रंगवला नव्हता.