नाकोंदे बॉर्डरवर अडकलेला आमचा कंटेनर – माझा अनुभव

मी मूळचा तासगावचा. गेली काही वर्षं झांबियात मकुशी भागात एका मोठ्या शेतावर पाण्याचं काम बघतो, म्हणजे पंप, पायपा, पिव्हट (गोल फिरत पिकाला पाणी देणारं यंत्र), व्हॉल्व्ह, जे काय पाण्याशी संबंधित ते सगळं माझ्याकडं. २०२३ ला आम्ही सांगलीकडनं पंप आणि स्टार्टर पॅनेल मागवली होती, त्या कंटेनरची ही हकीकत. थोडी लांबेल, पण लिहितोय कारण इकडं कामाला येणारी आपली पोरं सारखी विचारतात की दादा भारतातनं माल यायला किती दिवस लागतात, आणि मला एका आकड्यात उत्तर देता येत नाही. बोटीचे दिवस सांगता येतात, पुढचं सगळं शेजाऱ्यांवर.

झांबियाला समुद्र नाही. आठ देश चिकटलेत, काँगो, टांझानिया, मलावी, मोझांबिक, झिंबाब्वे, बोत्स्वाना, नामिबिया, अंगोला. माल कुठल्याही बंदरात उतरवा, दुसऱ्याच्या घरातनं आणायचा. मी फोनवर अण्णांना हे सांगितलं तर ते म्हणाले, आरं बंदर त्यांचं, रस्ता त्यांचा, मग तुमच्या हातात काय हाय? तेव्हा मला काही बोलता आलं नाही.

घाई का होती तर गहू. इकडं पाऊस एप्रिलमध्ये संपतो, मग जवळपास ऑक्टोबरपर्यंत आभाळ कोरडं, आणि गव्हाची पेरणी मे महिन्यात, पूर्ण पंपाच्या पाण्यावर. जुने दोन पंप गेलेले. म्हणजे मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आत पंप बसले पाहिजेत, नाहीतर तेवढं रान पडीक. शेतकऱ्याच्या पोराला हे वेगळं समजावून सांगायला लागत नाही.

मार्चच्या मध्याला कंटेनर न्हावा शेवावरनं निघाला, उतरणार टांझानियाच्या दार एस सलाम बंदरात. आम्हाला तेच बंदर सोयीचं, कारण तिथनं येणारा ग्रेट नॉर्थ रोड मकुशीवरनंच जातो. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे बोट कंपनीच्या मालाच्या पावतीवर, 'ट्रान्झिट टू झांबिया' असं लिहून घ्यायचं, हे पहिलं काम, ते आम्ही नीट केलं होतं. मग टांझानियात आपला क्लिअरिंग एजंट बाँड भरतो, म्हणजे हा माल आमच्या देशात विकला जाणार नाही, सरळ पलीकडं जाईल याची हमी, त्यावर टी-वन नावाचा कागद निघतो, कंटेनरला इलेक्ट्रॉनिक सील लागतं आणि ट्रक कुठं आहे ते त्यांना स्क्रीनवर दिसत राहतं. झांबियाच्या बाजूला आपली एन्ट्री आधीच सिस्टिममध्ये टाकून ठेवायची, प्री-क्लिअरन्स, म्हणजे ट्रक पोचेपर्यंत टॅक्सचं मिटलेलं असतं.

कागदावर हे फार सुंदर दिसतं. पण एप्रिल महिना म्हणजे टांझानियात सुट्ट्यांचा महिना, त्या वर्षी गुड फ्रायडे आणि कारुमे दिन दोन्ही ७ तारखेला, १० ला ईस्टर मंडे, मग ईद, मग २६ ला युनियन डे, टांगानिका आणि झांजिबार एक झाले तो दिवस. बोट एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लागली पण ट्रक बंदरातनं बाहेर पडायला १९ तारीख उजाडली. पुढं मोरोगोरो, मिकुमी, इरिंगा, म्बेया असा बॉर्डरवरच्या टुंडुमापर्यंत नऊशेहून जास्त किलोमीटरचा रस्ता, वाटेत वजनकाटे. २४ ला ड्रायव्हरचा फोन आला, टुंडुमाच्या लायनीत लागलोय.

त्याच दिवशी झांबियाच्या बाजूनं आमची एन्ट्री क्वेरीत गेली, म्हणजे शंका काढून अडवली. कारण ऐकून डोकंच धरलं. पॅकिंग लिस्टवर एकूण वजन १८,६४० किलो आणि बिल ऑफ लेडिंगवर १६,८४०. सहा आणि आठची अदलाबदल, बास एवढंच. टाइप करणाऱ्याची चूक, आणि माझीही, कारण ती फाइल मी तीनदा उघडून बघितलेली आणि तिन्ही वेळा फक्त पंपांची संख्या मोजलेली. कस्टमच्या जागी मी असतो तरी थांबवलंच असतं, दोन देशांच्या सिस्टिममध्ये एकाच कंटेनरची दोन वजनं कशी चालतील.

मी शेतावरचा पिकअप काढला आणि निघालो. सेरेन्जे, म्पिका, चिन्साली, इसोका, नाकोंदे, सातशेच्या आसपास किलोमीटर, २७ ला संध्याकाळी पोचलो. टुंडुमा आणि नाकोंदे म्हणजे खरं एकच गाव, मधनं देशाची रेघ गेलीय. अलीकडं पैसा क्वाचात, पलीकडं शिलिंगात, बायका दोन्हीकडं त्याच टोपल्या घेऊन टोमॅटो विकतायत, स्वाहिली आणि बेम्बा एकाच वाक्यात. २०१९ पासून इथं वन स्टॉप बॉर्डर पोस्ट आहे, म्हणजे झांबियात येणाऱ्या ट्रकचं दोन्ही देशांचं काम नाकोंदेतच होतं. एका हॉलमध्ये एका खिडकीत टांझानियाचा साहेब आणि शेजारच्या खिडकीत झांबियाचा. मी उभा होतो तेव्हा टांझानियाच्या साहेबाच्या स्टॅम्प पॅडची शाई वाळली होती, त्यानं न बघताच हात बाजूला नेला आणि झांबियाच्या बाईंनी स्वतःचं पॅड सरकवलं, दोघांनी एकमेकांकडं बघितलंसुद्धा नाही इतकी सवयीची गोष्ट. मी ते बघतच राहिलो. अशी व्यवस्था आफ्रिकेत पहिल्यांदा झांबिया आणि झिंबाब्वेनंच २००९ ला चिरुंडूला सुरू केली, हे मला नंतर कळलं.

एजंटनं सांगितलं, सुधारलेली पॅकिंग लिस्ट सही-शिक्क्यासकट पाहिजे, आणि ती आली तरी फाइल मंगळवारीच बघितली जाईल. का, तर २८ एप्रिल म्हणजे केनेथ काउंडा डे, झांबियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष काउंडा, म्हणजे केके, यांचा वाढदिवस, २०२२ पासून राष्ट्रीय सुट्टी, तो शुक्रवार, मग शनिवार रविवार, आणि सोमवारी १ मे. बॉर्डर चालूच होती, ज्यांची कागदं सरळ ते जात होते, आमच्यासारख्या क्वेरीवाल्यांनी थांबायचं. चार दिवस. आणि १ मे म्हणजे आपल्याकडं महाराष्ट्र दिन, म्हणजे सांगलीलाही सगळं बंद. शुक्रवारी सकाळी दहाला मी सप्लायरला फोन लावला तेव्हा तिकडं दीड वाजलेला, शिक्का ज्यांच्या ताब्यात ते घरी गेलेले. पण त्या माणसांनी शनिवारी ऑफिस उघडून कागद पाठवला, त्यांचे उपकार आहेत.

मी ज्या लॉजला उतरलो होतो तिथले राखणदार आजोबा, वय बहात्तर, तरुणपणी टाझारा, म्हणजे टांझानिया-झांबिया रेल्वेच्या रूळ बघणाऱ्या गँगमध्ये होते. इकडं वडीलधाऱ्यांना बाशिकुलु म्हणतात, मीही तसंच म्हणायचो. काउंडा दिनाच्या सकाळी बऱ्यापैकी थंडी होती, ते शेगडीपाशी बसलेले, मी माझं रडगाणं सांगितलं. चार दिवस थांबायला लागणार म्हणलं तर म्हणाले, आम्ही पाच वर्षं थांबलो.

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली ती दुपारपर्यंत. झांबिया १९६४ ला स्वतंत्र झाला आणि पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९६५ ला, दक्षिणेच्या शेजारी ऱ्होडेशियात (आत्ताचा झिंबाब्वे) इयन स्मिथच्या गोऱ्या सरकारनं परस्पर स्वातंत्र्य जाहीर केलं. झांबियाचं सगळं, तेल, कोळसा, तांब्याची वाट, ऱ्होडेशियातनंच. तेल तुटलं. तेव्हा दार एस सलामहून ट्रकवर ड्रम लादून आणायचे, आत्ता माझा कंटेनर आला तोच रस्ता, तेव्हा कच्चा, इतके ट्रक उलटायचे की ड्रायव्हर त्याला 'हेल रन' म्हणायचे. आजोबांचे वडील त्या रस्त्यावर खड्डे भरायच्या कामाला होते. १९६८ ला दारहून एनडोलापर्यंत तेलाची पाइपलाइन झाली, ताझामा, १७१० किलोमीटर (तिच्यातनंच २०२३ पासून थेट डिझेल यायला लागलं, म्हणजे आमच्या ट्रॅक्टरात तेच).

१९७३ च्या जानेवारीत स्मिथनं बॉर्डर बंद केली, काउंडांनी तिकडच्या स्वातंत्र्यवाल्यांना आसरा देऊ नये म्हणून. थोड्याच दिवसांत त्यानं उघडली पण काउंडा म्हणाले आता आम्ही नाही उघडत. स्वतःच्या देशाची मुख्य वाट स्वतः बंद ठेवली, शेजारच्या लोकांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून. वर १९७५ ला अंगोलात यादवी पेटली आणि तिथल्या लोबितो बंदराची रेल्वे पण गेली. मोठी वाट राहिली ती टांझानियाची. राष्ट्राध्यक्ष न्येरेरेंचा टांझानिया स्वतः गरीब, पण त्यांनी दार उघडं ठेवलं, आणि पाश्चिमात्यांनी नाही म्हटलेली रेल्वे चीनच्या बिनव्याजी कर्जातनं झाली, दार एस सलाम ते झांबियातलं कापिरी म्पोशी १८६० किलोमीटर, १९७० ते ७५. आजोबा तिला अजून उहुरु रेल्वे म्हणतात, उहुरु म्हणजे स्वातंत्र्य. १९७९ ला ऱ्होडेशियाच्या सैनिकांनी चांबेशी नदीवरचा रेल्वेपूल उडवला तेव्हा ते तिकडच्याच गँगला होते. तो भाग सांगताना ते हळू बोलायला लागले, मी पुढं विचारलं नाही.

पण मला सगळ्यात लागलं ते ऑक्टोबर १९७८ चं. काउंडांनी शेवटी दक्षिणेची बॉर्डर रेल्वेसाठी उघडली, कशासाठी तर खतासाठी. दारच्या बंदरात माल तुंबलेला, रेल्वेला डबे-इंजिनं कमी, पाऊस नोव्हेंबरात येणार आणि मक्याला खत नाही. एवढ्या तत्त्वाच्या माणसाला पेरणीपुढं हात टेकावे लागले. आजोबांना त्याचा राग नव्हता. म्हणाले, केके रडले असतील त्या दिवशी, पण आमच्या घरी मका आला. मी माझ्या पंपांचा विचार करत बसलेलो, माझ्या अंगावर काटा आला. परराष्ट्र धोरण म्हणजे हे असतं, पेरणीची तारीख आणि शेजाऱ्याचं दार.

शेजारी रागावला की काय होतं ते कझुंगुलाच्या पुलावरही दिसतं. झांबिया आणि बोत्स्वाना यांची सीमा झांबेझी नदीत जेमतेम दीडशे मीटर, २०२१ ला पूल झाला ९२३ मीटरचा, पण सरळ नाही, वाकडा, कारण सरळ नेला तर झिंबाब्वेच्या हद्दीतनं जाईल आणि तिथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मुगाबे यांचा त्याला विरोध होता. मी त्यावरनं गेलोय, गाडीत बसूनही वळण कळतं. आता तिथनं पाण्याकडं बघितलं की मला हे आजोबा आठवतात.

मंगळवारी २ मे ला आठ वाजता मी खिडकीवर. नवी पॅकिंग लिस्ट लागली, तरी साहेबांनी कंटेनर उघडून मोजायला सांगितलं, ते बरोबरच होतं. सील टांझानियाच्या माणसानं काढलं, त्याच्या सिस्टिममध्ये टी-वन बंद झाला, मग झांबियाच्या माणसानं पेट्या मोजल्या. पहिलंच दार उघडल्यावर आत भाताच्या काडाचा वास आला, आपल्याकडचं पॅकिंग, दीड महिना बंद राहून तसाच. दुपारी चारला रिलीज मिळाली. ४ तारखेला कंटेनर शेतावर, ११ ला दोन्ही पंप चालू.

ज्यांना माल आणायचाय त्यांनी वजन, पेट्यांची संख्या आणि नाव हे तिन्ही, सगळी कागदं समोरासमोर ठेवून एकाच वेळी वाचा, दुसऱ्या कुणाला तरी मोठ्यानं वाचायला लावा. दोन्ही देशांच्या सुट्ट्या आधी बघा. आणि बुकिंगच्या आधी शेजाऱ्यांची बातमी विचारा, मी आता विचारतोच. २०२० च्या मेमध्ये कोविडमुळं हीच नाकोंदे बॉर्डर काही दिवस बंद होती. २०२४ च्या ऑगस्टमध्ये काँगोनं झांबियाची बिअर आणि कोल्ड्रिंक बंद केलं, त्यावरनं काँगोच्या बॉर्डरवर कासुंबालेसाला गोंधळ झाला आणि झांबियानं तिकडच्या बॉर्डर बंद केल्या, बोलणी होऊन उघडल्या, पण तेवढ्या दिवसांत तांब्याचे ट्रक जागेवर उभे.

रिकामा कंटेनर परत दार एस सलामला पोचवायचा असतो, नाहीतर डिटेन्शन, म्हणजे उशिराचा दंड, चढत जातं. आमचा ड्रायव्हर ६ मे ला परत निघाला, मी त्याच्याकडं बाशिकुलुंसाठी आमच्या शेतावरची मक्याच्या पिठाची एक पिशवी दिली. टुंडुमा ओलांडल्यावर त्यानं फोटो पाठवला, आजोबा लॉजच्या फाटकात पिशवी मांडीवर घेऊन बसलेत.