भिजलेले भात आणि दोन भाणी

पुण्यातील नोकरी सोडून कुडाळ तालुक्यातील वडिलोपार्जित घरी राहायला येऊन मला तेव्हा दोन वर्षे पूर्ण झाली होती आणि शेतीचा हिशेब कागदावर अगदी चोख बसला होता. घरात माणसे तीन, रोजचा तांदूळ सुमारे एक किलो, म्हणजे वर्षाला ३६५ किलो. १०० किलो भात गिरणीवर नेले की ६५-६६ किलो तांदूळ पडतो, तेव्हा साडेपाच क्विंटल भात पुरेसे होते. आणि गुंठ्याला ३० किलो धरले तरी आमच्या २० गुंठ्यांत सहा क्विंटल भात यायला हरकत नव्हती. उरलेल्या ५० किलोंत पुढच्या वर्षाचे बियाणे आणि कोंबड्यांचे खाणे भागणार होते. हा कागद मी माजघराच्या भिंतीला चिकटवून ठेवला होता, आणि पाहुणे आले की त्यांना तो दाखवण्याची खोड मला लागली होती.

त्या वर्षी १२ गुंठ्यांत हळवे, म्हणजे लवकर पिकणारे भात होते आणि खालच्या आठ गुंठ्यांत गरवे, म्हणजे उशिरा पिकणारे. हळवे पीक ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, हस्त नक्षत्रात कापणीला आले. वाडीतील लोक या दिवसांत एका वेळी दोन-तीन गुंठेच कापतात आणि आभाळाचा रंग बदलला की कापलेले भात त्याच संध्याकाळी भारे बांधून घरी आणतात, हे मी दोन वर्षे पाहत होतो. परंतु मोबाईलवर चार दिवस कोरडे दिसत होते आणि मजूर एकाच दिवसासाठी मिळत होते, म्हणून मी सगळे १२ गुंठे एका दमात कापून घेतले. दोन उन्हे खाऊन भात वाळले की झोडायचे, असा बेत होता. पहिले ऊन पडले. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास पूर्वेकडून, सह्याद्रीच्या बाजूने, गडगडत पाऊस आला आणि रात्रभर थांबला नाही.

ज्या दिवसाबद्दल लिहायचे आहे तो याच्या पुढचा. सकाळी शेतात गेलो तेव्हा बांधापर्यंत पाणी होते आणि आडवे पसरलेले भात त्यात बुडाले होते. आम्ही दोघे नवरा-बायको आणि माझे सासरे, अशा तिघांनी दुपारपर्यंत ते भिजलेले भारे डोक्यावरून पडवीत आणले. कोरड्या भाऱ्याच्या दुप्पट वजन, पायाखाली चिखल, आणि लोंब्यांतून मानेवर ठिबकणारे पाणी. वाडीतील कोणालाही बोलावण्याचा मला अधिकार नव्हता, हे येथे सांगितले पाहिजे. लावणीच्या वेळी आमच्याकडे पैरा चालतो, म्हणजे आज तुमच्या शेतात सगळ्यांनी राबायचे आणि उद्या माझ्या. परंतु मी मजुरी देऊन मोकळे होणे पसंत केले होते, कारण पैऱ्यात जाणारे माझे दिवस मला वाया गेल्यासारखे वाटत. त्या सकाळी ज्याचा त्याचा पैरा ज्याच्या त्याच्या भातासाठी धावत होता.

पडवीत उलट्या टोपल्यांवर भारे झोडून काढले तेव्हा ओल्या भाताचा ढीग कमरेपर्यंत आला. हात आत घातला तर तो कोमट लागला. ओले धान्य ढिगात तापते आणि हळव्या वाणांच्या दाण्याला सुप्तावस्था, म्हणजे न रुजता पडून राहण्याचा काळ, थोडीच असल्यामुळे ऊब आणि ओल मिळताच ते रुजू लागते, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. वीज रात्रीपासून गेली होती, त्यामुळे पंख्याखाली वाळवण्याचाही प्रश्न नव्हता. मी ताडपत्रीवर भात पसरून फावड्याने खालीवर करत बसलो.

तेवढ्यात शेजारच्या काकी इरले सावरत पडवीत आल्या. त्यांचे वय सत्तरीच्या पुढचे. त्यांनी मूठभर भात उचलून नाकाजवळ नेले आणि म्हणाल्या, "झिला, बघीत काय रवलंस? उद्या सांजेक कोंब येतले. आताच उकडून काढ."

उकडा तांदूळ आम्ही रोज पेजेला खातो. तो करायचा तर सुके भात गरम पाण्यात रात्रभर भिजत घालतात आणि दुसऱ्या दिवशी तूस फुटेपर्यंत उकडून वाळवतात. परंतु ओले भात वाचवण्यासाठीही हीच क्रिया उपयोगी पडते, हे मला सुचले नव्हते. उकडलेल्या दाण्यातील कोंब मरतो, आतले पीठ शिजून घट्ट होते, मग तो दाणा रुजत नाही. भिजवण्याचे काम पावसाने केलेच होते, तेव्हा एकदाच उकडून चालेल, असे काकींचे म्हणणे. माझ्या मनात मात्र निराळीच अडचण होती.

"काकी, पण हे उकडले तर बियाण्याचे काय?"

"बियाणा मी देतंय. तू पोटाचा बघ."

न्हाणीघरातले पाणी तापवायचे मोठे भांडे, म्हणजे भाणे, एक आमचे आणि एक काकींचे, अशी दोन भाणी तीन दगडांच्या चुलींवर चढली. एका भाण्यात २० किलो ओले भात जेमतेम मावत असे. थोडे पाणी, वर गोणपाटाचे झाकण, आणि वाफ येऊन तुसे फुटू लागली की उतरवून दुसरा घाणा. एका घाण्याला तासाभराचा वेळ लागे. संध्याकाळी सहाला सुरू केलेले काम पहाटे चारपर्यंत चालले, आणि ऐन-किंजळीचा जो लाकूडफाटा आम्हाला दोन महिने पुरणार होता तो त्या एका रात्रीत संपला. वाफाळते भात टोपलीतून नेऊन शेणाने सारवलेल्या माजघरात, ओटीवर, देवघरासमोर, जेथे जागा मिळेल तेथे बोटभर थराने पसरले. बसायलासुद्धा कोरडी जागा राहिली नव्हती.

चुलीपाशी बसून काकी बोलत होत्या. वाडीतील जुने लोक विकत काही घेतच नसत आणि सगळे शेतातच पिकवत, असे मी अनेकदा ऐकले होते आणि त्याच समजुतीवर माझा कागद उभा होता. काकी हसल्या. त्यांच्या घरी भात आठ महिने पुरे, नाचणी आणि कुळीथ धरून दहा महिने. उरलेले दोन महिने, मीठ, रॉकेल, कापड आणि मुलांच्या वह्या हे सगळे मुंबईहून त्यांच्या यजमानांच्या मनीऑर्डरीवर चाले. ते गिरणगावात कापड गिरणीत होते. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला, मनीऑर्डर थांबली आणि त्या वर्षी पहिल्यांदा त्यांनी भात उसने आणले. मीठसुद्धा येथे पिकत नाही, शिरोड्याच्या मिठागरातून येते, असे त्या म्हणाल्या. हे सांगताना तेथील १९३० च्या मीठ सत्याग्रहाचा उल्लेख त्यांनी केला नाही, तो मला आपोआप आठवला, कारण पाठ्यपुस्तकातून जे मिळते ते माझ्याजवळ भरपूर होते. मला त्या रात्री खरोखर ओशाळल्यासारखे झाले. आमच्याही घरी मीठ, साखर, चहा, औषधे, विजेचे बिल आणि मोबाईलचे पैसे माझ्या नोकरीतील शिलकीतूनच जात होते, आणि तो खर्च कागदावर मुळी नव्हता.

पुढचे तीन दिवस वाळवण्यात गेले. पहिल्या दिवशी ऊन नव्हते; दर तासाला भात पायांनी ओढून वर-खाली करावे लागे, आणि देवघरासमोरचा थर जाड झाल्यामुळे तेथील ३०-४० किलोंना आंबूस वास आला, ते कोंबड्यांना घातले. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ऊन पडले, मग खळ्यात हलवले. गिरणीवाल्याने दाणा दाताखाली दाबून पाहिला आणि कणी कमी पडेल असे सांगितले; ते खरे ठरले, कारण उकडलेला दाणा कांडताना सहसा तुटत नाही. तांदूळ १९० किलोंच्या आसपास आला. खालच्या शेतातले गरवे पीक पावसाने नुसते लोळवले होते. ते दिवाळीनंतर हाती आले.

ज्या नुकसानीचा मी विचारच केला नव्हता ते पेंढ्याचे झाले. भिजलेल्या पेंढ्याला आठवडाभरात काळी बुरशी आली आणि गाईसाठी फेब्रुवारीपासून पेंढा विकत आणावा लागला. तो रोख खर्च भाताच्या नुकसानीहून जास्त होता.

जूनमध्ये मृगाच्या तोंडावर काकींनी पायलीने मोजून बियाणे दिले, १२ गुंठ्यांच्या तरव्याला, म्हणजे लावणीच्या रोपांना, पुरेल एवढे. त्या वर्षी लावणीला मी आठ दिवस पैऱ्यात गेलो. पहिल्या दिवशी माझा तरवा सरळ उभा राहत नव्हता आणि मागून येणाऱ्या बायका तो पुन्हा खोचत होत्या. परतफेड केव्हा आणि किती करायची, असे बियाणे घेतानाच विचारले होते, तेव्हा काकी म्हणाल्या होत्या, "पुढल्या वर्साक परत कर, तितक्याच. पण सुका."