कार्पेटखाली मुरलेलं पाणी

रात्रभर पाऊस झाला की सकाळी कारची बॅटरी उतरलेली. सेंट्रल लॉक मनाला येईल तेव्हा उघडतं, एअरबॅगचा दिवा लागतो, काच अर्ध्यावर थांबते. दोन दिवस ऊन पडलं की सगळं पुन्हा सुरळीत. ही लक्षणं एकत्र दिसली तर स्कॅनर (बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) जोडायच्या आधी दाराच्या उंबरठ्यावरची प्लास्टिक पट्टी ओढून काढा, कार्पेटची कड उचला आणि खाली हात घाला. वरून हात फिरवून काही कळत नाही. कार्पेटच्या खाली फोमचा किंवा नमद्याचा जाड थर असतो. तो कित्येक लिटर पाणी धरून ठेवतो आणि वरचा पृष्ठभाग कोरडाच लागतो.

गोची अशी की बहुतेक गाड्यांत वायरिंगचा मोठा जुडगा याच उंबरठ्यालगत, फरशीच्या सगळ्यात खोल भागातून जातो. सीटखाली कनेक्टर असतात. बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे लॉक, काचा, दिवे सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक पेटी, अनेकदा डॅशबोर्डखाली नाहीतर पायाजवळच्या कोपऱ्यात बसवलेलं असतं. बॉनेटखालच्या कनेक्टरना रबरी सील असतं, केबिनमधल्या बहुतेकांना नसतं, कारण तिथे पाणी येणारच नाही असं धरलेलं असतं. ओल्या कनेक्टरमध्ये 12 व्होल्टची पिन आणि अर्थची पिन यांच्यात पाण्याचा पातळ पापुद्रा तयार होतो, त्यातून थोडा थोडा करंट वाहत राहतो आणि पॉझिटिव्ह पिनवरचा धातू विरघळू लागतो. गाडी बंद असली तरी हे चालूच असतं. म्हणून ज्या पिनला कायम करंट असतो तीच आधी खाल्ली जाते, आणि किल्लीनंतर चालू होणाऱ्या शेजारच्या पिना बऱ्या दिसतात. एवढ्यासाठीच माझा आग्रह आहे की पाण्याची वाट सापडून बंद होईपर्यंत एकही मॉड्यूल बदलू नका. नवं मॉड्यूल त्याच ओलीत बसवलं तर तेही जाणार.

आधी पाणी कुठलं ते ओळखा. पावसाशी संबंध नाही, एसी बराच वेळ चालवल्यावर चालकाशेजारच्या सीटपुढे बिनवासाचं स्वच्छ पाणी साचतं, तर एसीची पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबली आहे. हात चिकट लागतो, गोडसर वास येतो, पुढच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरतं, तर ते हीटर कोअरमधून (केबिन गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरमधून) गळणारं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव. रेडिएटरच्या टाकीतली पातळीही उतरलेली दिसेल. दोन्ही नसेल तर ते पावसाचं किंवा धुण्याचं पाणी.

पावसाच्या पाण्याचा सर्वांत मोठा चोरदरवाजा वायपरखालच्या जाळीत आहे. काचेवरून उतरणारं सगळं पाणी त्या पन्हाळीत जमतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून खाली निघून जातं. केबिनसाठी हवा ओढणारं तोंडही तिथेच असतं. पानं कुजून भोकं बुजली की पाण्याची पातळी त्या तोंडापर्यंत चढते आणि पाणी ब्लोअरमधून सरळ आत उतरतं. केबिन फिल्टर काढून पाहा. तो ओला, किंवा पाण्याच्या डागांनी भरलेला असेल तर वाट सापडली. खात्रीसाठी काचेच्या तळाशी दोन लिटर पाणी हळूहळू ओता. ते लगेच गाडीखाली, साधारण पुढच्या चाकांच्या मागे पडायला हवं. रेंगाळलं तर जाळी काढून कचरा हाताने उचला. पाण्याच्या जोराने तो भोकात ढकलू नका, आतल्या वळणावर आणखी घट्ट बसतो.

सनरूफची रचना अनेकांना ठाऊक नसते. तिचं रबर सगळं पाणी अडवत नाही, तसं अपेक्षितही नाही. आत आलेलं पाणी भोवतीच्या पन्हाळीत पडतं आणि कोपऱ्यांतल्या नळ्यांमधून खांबांच्या आतून खाली जातं. प्रत्येक कोपऱ्यात थोडं पाणी ओतून ते खाली बाहेर येतं का पाहा. तुंबलं असेल तर गवत कापायच्या यंत्रातली नायलॉनची दोरी हलक्या हाताने आत सरकवा. कॉम्प्रेसरची जोराची हवा मारू नका. नळी आतल्या जोडावरून निसटते आणि मग सगळं पाणी छताच्या कापडात.

दारात काचेच्या फटीतून पाणी नेहमीच उतरतं आणि तळाच्या भोकांतून निघून जातं. ते केबिनमध्ये येऊ नये म्हणून डोअर पॅडच्या मागे प्लास्टिकचा किंवा फोमचा पडदा काळ्या ब्यूटाइलने (कायम मऊ राहणाऱ्या चिकट रबराने) चिकटवलेला असतो. स्पीकर बदलताना तो फाडला किंवा नुसता दाबून बसवला की पाणी आत येतं, आणि दोष मात्र दाराच्या बिचाऱ्या रबरी बीडिंगला जातो. जुना चिकटा पुसून नवी ब्यूटाइल पट्टी लावा. सिलिकॉन इथे धरत नाही. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन तर वायरिंगच्या आसपास वापरूच नका. सुकताना त्यातून निघणारं आम्ल तांबं खातं.

बाहेरून ओढलेल्या जादा वायरीही तपासा. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातलं ग्रोमेट (वायरी जातात त्या भोकाचं रबरी बूच) भोसकून वायर घातली असेल तर पाणी तिच्यावरूनच आत चालत येतं. वायरीला ग्रोमेटच्या अलीकडे, इंजिनच्या बाजूला, खाली झोळ दिला की थेंब तिथेच गळतो. डिकीत स्पेअर चाकाच्या खळग्यात पाणी असेल तर मागच्या दिव्यांची गॅस्केट, छतावरच्या अँटेनाचं बूड आणि बंपरमागची हवा सोडणारी झडप बघा.

चाचणी दोघांनी करायची. एक जण आत टॉर्च घेऊन, दुसरा बाहेर पाइप घेऊन. पाइपला नोझल नको, पाणी नुसतं वाहू द्यायचं. सुरुवात खालून, एका भागाला पाच ते दहा मिनिटं, मग वरचा भाग. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच सिद्ध होत नाही. संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरवा, पहिला ओघळ स्पष्ट दिसतो.

वाट बंद झाली की वाळवणं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून दहा मिनिटं थांबा, मगच सीटचे बोल्ट सोडा. पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात. त्यांत मल्टीमीटरच्या पिना घालू नका, आणि ते सुटे असताना किल्ली फिरवू नका, नाहीतर एअरबॅगच्या बिघाडाचा कोड साठतो. कार्पेट उचलून खाली ठोकळे ठेवा, पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूमने फोम पिळून काढा, मग पंखा लावा. पंखा लावाल तर काचा उघड्या, डीह्युमिडिफायर लावाल तर काचा घट्ट बंद. दोन-तीन दिवस सहज लागतात. फोमवर टिश्यू पेपर जोरात दाबून धरा. तो ओला झाला तर अजून वेळ आहे.

आता वायरिंग. कनेक्टर उघडण्यापूर्वी फोटो काढा. पिनांवर हिरवट कळक दिसली तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि नायलॉनचा ब्रश. मुलामा गेलेली, खड्डे पडलेली पिन घासून टिकत नाही, ती बदलावी लागते. वायर काळी पडली असेल तर तांबं चकचकीत लागेपर्यंत मागे कापत जा. तांब्याच्या बारीक तारांमधून पाणी इन्सुलेशनच्या आत बरंच दूर चढलेलं असतं. त्याच जाडीची वायर क्रिंप करा (धातूच्या नळीत दाबून जोडा) आणि आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी हीट श्रिंक नळी चढवा. नुसती इन्सुलेशन टेप ओल आत कोंडून ठेवते. मॉड्यूलमध्ये पाणी गेलं असेल तर बोर्ड 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने धुऊन पूर्ण दिवस वाळवा. हीट गन नको.

मग मोजमाप. अर्थसाठी हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून बॉडीवरच्या अर्थच्या बोल्टपर्यंत व्होल्टेज बघा. 0.1 व्होल्टच्या वर गेलं तर तो बोल्ट सोडून पत्रा घासा. मॉड्यूल एकमेकांशी बोलत नसतील तर बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर जोडतात) 6 आणि 14 नंबरच्या पिनांमधला रोध मोजा. कॅनच्या, म्हणजे मॉड्यूल ज्यांवरून एकमेकांशी बोलतात त्या दोन तारा या पिनांवर थेट आल्या असतील तर सुमारे 60 ओम यायला हवेत. 120 आले तर एका टोकाची जोडणी तुटली आहे, शून्याच्या जवळ आले तर दोन तारा कुठेतरी चिकटल्या आहेत.

बॅटरी उतरण्याचा शोध घेताना दार आणि बॉनेट उघडंच ठेवून त्यांचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत आणा, गाडी लॉक करा आणि अर्धा-पाऊण तास थांबा, कारण मॉड्यूल झोपायला वेळ घेतात. त्यानंतर बॅटरीतून जाणारा करंट मोजा, 50 मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. अर्धा अँपिअर असेल तर दिवसाला 12 अँपिअर-तास जातात, म्हणजे 45 अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत रिकामी. फ्यूज उपसत बसू नका, त्याने झोपलेलं मॉड्यूल जागं होतं. फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन धातूच्या टोकांवर मिलिव्होल्ट मोजा. जिथे आकडा दिसेल त्याच सर्किटमधून करंट जातोय.

सगळं जागेवर बसवलं तरी उंबरठ्याची पट्टी आणि कार्पेटची ती कड पुढचे दोन-तीन मोठे पाऊस होईपर्यंत मोकळीच ठेवा. प्रत्येक पावसानंतर तिथे कोरडा टिश्यू दाबून बघा, आणि मगच क्लिप ठोका.