कोल्ड रूममधली प्लेट

पेशीच्या आतले थर एकेक करून दाखवणाऱ्या कन्फोकल मायक्रोस्कोपचं बुकिंग आमच्याकडे तत्काळ तिकिटासारखं आहे, उघडलं की संपलं. मला गुरुवारी दोन ते पाच मिळालं होतं.

काम सांगायला सोपं. आतड्याच्या कॅको-2 पेशींवर पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे 100 नॅनोमीटरचे, हिरव्या रंगाने चमकणारे बीड्स, म्हणजे बारीक मणी, सोडायचे आणि ते पेशीपटलातून आत जातात का ते बघायचं. पटल जाड जेमतेम 5 नॅनोमीटर, म्हणजे बीड त्याच्या वीसपट. तो सहसा भोक पाडून शिरत नाही, पटलच त्याला कवेत घेऊन आत ओढतं. या पेशींचा नीट थर धरायला 21 दिवस लागतात. दर एक दिवसाआड मीडिया, म्हणजे पेशींचं खाद्यद्रव, बदलायचा, गुलाबीचा पिवळा व्हायच्या आत. विसर्जनाच्या दिवशी सगळी गर्दी चौपाटीकडे निघाली असताना मी मीडिया बदलायला लॅबमध्ये गेलेली आहे. शिवाय बीड्सच्या बाटलीत ते टिकावेत म्हणून सोडियम अझाइड घातलेलं असतं. ते विष. ते न काढताच ‘प्लास्टिकने पेशी मारल्या’ असं छापून मोकळे होणारे लोक आहेत. मी दोन दिवस डायलिसिस करून, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्यातून ते पाण्यात झिरपू देऊन, काढलं होतं आणि चारचौघांत तसं सांगतही होते.

आधीच्या फेरीत फोटो देखणे आले होते. पेशी आतून हिरव्यागार. सरांनी ते एका व्याख्यानात दाखवूनही टाकले.

गुरुवारी सकाळी ज्युनिअरने प्लेट्स 4 अंशांच्या कोल्ड रूममध्ये नेऊन बीड्स घातले, म्हणजे सगळ्यांची सुरुवात एकाच वेळी होते. मग त्या 37 अंशांच्या इनक्युबेटरमध्ये जायच्या. एक प्लेट कुणाच्या तरी खोक्यामागे राहून गेली. साडेतीनला ज्युनिअर रडवेल्या तोंडाने ती प्लेट घेऊन आली. म्हटलं, “अगं, वाया गेलीच आहे, बघू तरी.”

4 अंशांना पेशी काही गिळत नाही, त्याला ऊर्जा लागते. बीड्स फार तर बाहेर चिकटलेले दिसावेत, आत काळोख. ही आतून हिरवी होती. सुटे ठिपके नव्हते, सलग धुकं होतं आणि मधूनमधून मेदाचे गोल थेंब झळकत होते. मिसळीच्या तर्रीत तिखटाचा रंग कसा पाण्याला सोडून तेलात उतरतो? तसा बीड्समधला रंग सुटून मेदात उतरला होता. डायलिसिसनंतर बाटली तीन महिने फ्रिजमध्ये पडून होती, हे मला तेव्हा आठवलं; तेवढ्यात रंग पाण्यात सुटला असणार.

शुक्रवारी बीड्स फिल्टरवर अडवले आणि खाली उतरलेलं नुसतं पाणी पेशींवर घातलं. दोन तासांत हिरव्या. प्लास्टिकचा कणही नसताना.

सर म्हणाले, “ब्राइटनेस कमी करून बघ.” मोठ्या माणसांना आवडता फोटो सोडवत नाही. 4 अंशांचा कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीची थंड प्लेट, मीच यादीत लिहिला होता आणि वेळ नाही म्हणून मीच खोडला होता, तेव्हा फार बोलायची सोय नाही.

त्या प्लेटमध्ये आणखी एक होतं, ते मी त्या दिवशी नीट पाहिलंच नाही. पेशींच्या कडेला बारीक, ठसठशीत ठिपके होते. ते बीड्सच असावेत, पटलाला बाहेरून चिकटलेले. 2021 मध्ये फ्लरी आणि बाउलिन या संशोधकांनी दाखवलं होतं, की मायक्रॉनभर, म्हणजे हजार नॅनोमीटरच्या आसपासच्या आकाराचे कण आत न जाता नुसते चिकटले तरी पटल ताणलं जातं. आणि पटलाला ताण सोसत नाही, क्षेत्रफळ चार-पाच टक्के वाढलं की ते फाटतं. माझे बीड्स त्याहून कितीतरी लहान, त्यांना हे लागू होईलच असं नाही. पण आम्ही इतके दिवस आतलं धुकं मोजत बसलो आणि कडेला कुणी बघितलंच नाही.

बाबांच्या दुकानात चहा पातळ पिशवीतून यायचा. तेच हिरवे फोटो मोबाइलवर दाखवून मी त्यांना स्टीलची किटली घ्यायला लावली. गरम चहा पिशवीत नको, हे मला अजूनही वाटतं, पण दाखवला तो पुरावा निव्वळ रंग होता.

काल त्यांनी विचारलं, “काय गं, त्या हिरव्या पेशींचं पुढे काय झालं?”

मी किटली विसळत होते. “चालू आहे,” म्हटलं.