टूरिंगची गाडी घेताय? सीसीआधी वजन बघा

"सर, चालू गाडीला वजन जाणवतच नाही." शोरूममधला सेल्समन छातीठोकपणे सांगत होता. गाडी काही कायम चालू नसते, आणि थांबलेल्या गाडीचं वजन काय असतं ते ताम्हिणीत कळलं.

माझ्या मित्राची रॉयल एनफील्ड हिमालयन ४५० आणि मेहुण्याची हिरो एक्सपल्स २०० अशा दोन बाइक घेऊन आम्ही दोघं ताम्हिणीमार्गे दिवेआगर गाठलं, येताना आंबेनळी घाटाने महाबळेश्वर, वाई. दोघांनी आलटून पालटून दोन्ही चालवल्या. हेतू एकच: रोजच्याला आणि लांबच्याला मिळून एक गाडी ठरवायची.

मुळशीपर्यंत कुठलीही गाडी चालेल. पुढे घाटात एका ठिकाणी रस्त्याचं काम चालू होतं. डांबर उखडलेलं, वर सुटी खडी आणि रात्रीच्या पावसाने झालेला राडा. समोरून डंपर आला म्हणून कडेला थांबलो. हिमालयन १९६ किलोची, सीट ८२५ मिलिमीटरवर, मागे दोघांचं सामान, आणि माझी उंची साडेपाच फूट. डावा पाय टेकवला तो खडीवरून सरकला आणि गाडी आडवी. उचलायला दोघंही लागलो, क्लचचा लिव्हर वाकला तो वेगळाच. तेवढाच पट्टा एक्सपल्सवर पाय टेकत टेकत पार केला. तिची सीटही जवळपास तेवढीच उंच, पण वजन १६० किलोच्या आसपास. सगळा फरक तिथे आहे.

दिवेआगर मस्त. मासे, समुद्र, झोप.

सुरूर फाट्यावर हायवेला लागलो आणि पारडं फिरलं. हिमालयन शंभरला निवांत चालते. एक्सपल्सला ऐंशीनंतर दम लागतो, ट्रकला ओव्हरटेक करायचं तर आधी लांबवर मोकळा रस्ता बघावा लागतो. वरचेवर बंगळुरू किंवा राजस्थान करणार असाल तर २०० सीसी घेऊ नका.

पण परत आल्यावर हिमालयन घेऊन मंडईत गेलो. लक्ष्मी रोडवर पहिला-दुसरा गिअर आणि अर्धा क्लच, मनगट भरून आलं. पार्किंगमधून मागे ओढताना शेजारच्या दोन अॅक्टिव्हा आधी सरकवाव्या लागल्या. रोज भाजी-दूध आणायला ही गाडी नको. घरात वेगळी स्कूटर असेल तरच हिमालयन घ्या. एकच गाडी ठेवायची असेल आणि फिरणं मुख्यतः कोकण-घाटात असेल, तर एक्सपल्स.

नुसत्या टेस्ट राइडवर ठरवू नका. गाडी न्यूट्रलला टाकून, खाली उतरून, पार्किंगच्या उतारावर उलटी वर ढकलून बघा. मग मागे माणूस बसवून दोन्ही पाय टेकतात का ते बघा. घाटात जाताना पौडच्या आधीच टाकी भरा, जादा क्लच लिव्हर जवळ ठेवा, सामान सीटवर रचू नका, दोन्ही बाजूंना खाली बांधा. आणि कोटेशनमध्ये क्रॅश गार्ड, रॅक वगैरे 'कंपल्सरी' म्हणून घुसडलं असेल तर ते काढायला लावा. आम्हाला दिलेल्या कागदावर होतं, विचारल्याबरोबर निघालं.