मनगटावरच्या पाच रेघा

रविवार, २८ सप्टेंबर २०२५. आजचा रंग केशरी.

रात्रीचे पावणेअकरा. डाव्या मनगटावर लिपस्टिकच्या पाच रेघा आहेत. सकाळपासून दोनदा भांडी घासली, एकदा कणीक मळली, तरी त्यातल्या तीन हलायला तयार नाहीत. चौथी अर्धी पुसली गेली आणि पाचवी कुठे गेली ते पुढे लिहिते, कारण त्या प्रकरणात माझी अब्रू गेली आहे.

आज दोन गोष्टी 'ट्राय' केल्या. एक अठराशे रुपयांची, एक चौदा लाखांची. दोन्ही घेतल्या नाहीत. अजून तरी.

सकाळी लेक मला मॉलमध्ये घेऊन गेली. तिचं वय पंधरा. महिनाभर ती एका ब्रँडच्या सणाच्या लिमिटेड एडिशन कलेक्शनचे व्हिडिओ मला जेवताना दाखवत होती. पाच लिपस्टिक, बारा रंगांची आयशॅडोची पॅलेट, एक ब्लश, आणि हे सगळं ठेवायला पैठणीच्या पदरासारखा दिसणारा खोका. खोका खरंच सुंदर होता. त्यावरचा मोर मात्र मला लांबून टर्कीसारखा दिसला. जवळून पाहिलं तर मोर होता.

काउंटरवरची मुलगी नखशिखान्त केशरी. मॉलमधल्या निम्म्या बायका केशरी, मीसुद्धा. पेपरवाल्यांनी छापायला सुरुवात केली आणि आपण सगळ्याजणी वर्षानुवर्षं मुकाट्याने पाळतो, असं या नऊ रंगांशिवाय दुसरं काही असेल असं वाटत नाही. तिने माझं मनगट उलटं केलं, शिरा बघितल्या, "हिरवट आहेत, म्हणजे वॉर्म अंडरटोन" असं वैद्यासारखं निदान केलं आणि पाच रेघा ओढल्या. रंगांची छापील नावं इतकी लांबलचक होती की मी माझी ठेवली: शेंदरी, विटकरी, जांभूळ, डाळिंब आणि आमसूल.

तिथल्या उजेडात डाळिंब सगळ्यांत देखणं दिसलं. लेकीने लगेच "मम्मा, हाच!" केलं. मुलगी म्हणाली, दोनच पीस उरलेत, हा शेड परत येणार नाही. मला नेमकी तीच गोष्ट नको असते. एखादा रंग तोंडाला बसायला, आरशातल्या बाईला ओळखीचा व्हायला सहा महिने जातात. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी एक चॉकलेटी शेड असाच बसला होता. संपला, दुकानात गेले, तर बंद झालेला. त्यानंतर दोन वर्षं मी त्याच्यासारखाच दुसरा शोधत फिरले. तेवढ्यात काही दुसरं शिकले असते तर निदान एक भाषा आली असती.

माझ्या आईकडे एकच लिपस्टिक होती. लग्नातली, लॅक्मेची. लॅक्मे म्हणजे लक्ष्मीच, फ्रेंच वळणाने. टाटांनी १९५२ साली काढलेली कंपनी. ती लिपस्टिक डबीच्या तळाला गेल्यावर आई काडेपेटीची काडी घालून रंग कोरून काढायची आणि उरलेला करंगळीने गालांवर लावायची. आता खोक्यावर उघड्या डबीचं चित्र असतं आणि आत २४एम, म्हणजे उघडल्यावर चोवीस महिन्यांत संपवा. आईच्या लिपस्टिकने दहा-अकरा वर्षं तरी काढली असतील. चुकूनही हे लेकीला सांगायचं नाही, ती बेशुद्ध पडेल.

खोक्याच्या मागचं बारीक अक्षर वाचायची मला सवय आहे, हिशेबनीस बाईला असतेच. त्यात सीआय ७५४७० असा आकडा दिसला. लेकीने फोनवर शोधलं: कारमाइन. निवडुंगावर राहणाऱ्या कोचिनियल नावाच्या किड्यापासून काढलेला लाल रंग. घरी येऊन मी हे सहज सांगितलं. सासूबाईंचे नवरात्राचे नऊ दिवसांचे उपास चालू आहेत. त्यांनी साबुदाण्यावरून मान वर केली.

"म्हणजे उपासाला चालत नाही?"

"आई, किडा असतो त्यात."

"अगं, मग लाखेच्या बांगड्या कशाच्या? आणि सोवळं रेशमाचं असतं ते कुठून येतं? लाव तू."

या वादात मी पडले नाही. त्यांच्या बाजूने निकाल लागलेलाच होता.

नवऱ्याला वेगळीच चिंता. परवाच्या सोमवारी, घटस्थापनेला, जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि तेव्हापासून तो घरातल्या प्रत्येक वस्तूकडे टक्क्यांत बघतो. फेस पावडर पाच टक्क्यांवर आली, लिपस्टिक अठरावरच आहे, कुंकू आणि टिकली आधीपासून शून्य. "तू पावडर आणि कुंकवावर भागव," असा त्याचा सल्ला. मी म्हटलं, चार मीटरच्या आतल्या, बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला आता अठरा टक्के आणि तू ज्या गाडीकडे डोळे लावून बसलायस तिला चाळीस, तेव्हा तूही लहान गाडीवर भागव. त्यावर, पूर्वी सेस धरून पंचेचाळीस पडायचे, म्हणजे पाच टक्के वाचलेच की, असं उत्तर आलं. वाचलेले पैसे नक्की कुठे दिसतात ते मात्र तो सांगत नाही. वर रोड टॅक्स आहेच. दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला आपल्याकडे बारा टक्के.

मोठ्या गाडीचा विषय गणपतीपासून सुरू झाला. घरात माणसं सहा, गाडी पाच जणांची. गावी दापोलीकडे जायचं तर ताम्हिणी उतरून माणगावमार्गे, सोबत आरास, मोदकपात्र, गौरींचे मुखवटे आणि धाकट्याचं क्रिकेट किट. यंदा शेवटी सासूबाई, म्हणजे आई, आणि सासरे अण्णा एसटीने आले. अण्णा शहात्तरचे, त्यांना तिकीट नाही. आईंना बायकांचं अर्धं. दोघं मिळून अर्ध्या तिकिटात कोकणात पोचले आणि तेव्हापासून अण्णांचं एकच पालुपद आहे: "एसटी आम्हाला जवळजवळ फुकट आहे, तुम्ही चौदा लाख कशाला घालता?" याला अजून कुणाकडेही नीट उत्तर नाही.

तरी दुपारी टेस्ट ड्राइव्हला सगळ्यांत आधी चप्पल घालून तयार अण्णाच होते.

गाडीचं नाव लिहीत नाही, कारण घेतली नाही तर उगाच वहीत राहून जाईल. सात सीटांची, चार मीटरच्या बाहेरची, एवढं पुरे. चार मीटरच्या आतली सात सीटांची ट्रायबरही यादीत होती. तिसरी रांग उघडी ठेवली की तिच्यात सामानाला ८४ लिटर जागा उरते. मला लिटर बादलीत कळतं. वीसच्या हिशेबाने चार बादल्या. आमच्या गौरींचा पेटाराच चार बादल्यांचा आहे. अर्टिगात २०९, म्हणजे दहा. तिसरी रांग काढली किंवा पाडली की दोन्हीकडे पाचशेच्या वर जातं, पण मग माणसं कुठे पाडायची? सात जण आणि सात जणांचं सामान एकाच वेळी नेणारी गाडी आमच्या बजेटमध्ये मला एकही दिसली नाही. कुणी सांगतही नाही हे, ब्रोशरमध्ये दोन फोटो असतात: एकात माणसं, दुसऱ्यात बॅगा.

शोरूममधला मुलगा चुणचुणीत होता. दसऱ्याला, गुरुवारी, दारात हवी तर आजच बुकिंग करा, या रंगातल्या दोनच उरल्यात. मी आणि लेकीने एकमेकींकडे पाहिलं. याची आणि सकाळच्या मुलीची शाळा एकच असावी.

बसायची पाळी आली तेव्हा अण्णा पुढच्या सीटवर गेले आणि फेरी संपेपर्यंत उतरले नाहीत. नवरा स्टिअरिंगवर. प्रश्न मागच्या रांगेचा. मधली सीट पुढे दुमडून, वाकून, वळून आत शिरायचं असतं. आईंनी एक पाय वर ठेवला, थांबल्या आणि त्या मुलाला विचारलं, "बाळा, आधी डोकं घालायचं की आधी पाय?" त्याला ट्रेनिंगमध्ये हे शिकवलेलं नव्हतं. त्यांचा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललाय. मधल्या रांगेत मात्र त्या न वाकता, खुर्चीत बसावं तशा बसल्या. आमच्या हॅचबॅकमध्ये त्यांना खाली पडावं तसं बसावं लागतं. गाडीची ही एक गोष्ट मला मनापासून आवडली, आणि ती ब्रोशरमध्ये कुठेच नव्हती.

धाकट्याला मागे बसायचं होतं, पण त्याला घाटात गाडी लागते आणि मागच्या चाकांच्यावर बसलं की हेलकावे जास्त. ताम्हिणीत हा किती आवळासुपारीने थोपेल याचा अंदाज मला आहे. तो आईंच्या शेजारी, लेक त्याच्या शेजारी. उरले मी.

आमच्या लहानपणी मोठी गाडी म्हणजे सुमो. १९९४ साली आली. टेल्कोच्या, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या, सुमंत मुळगावकरांच्या इंग्रजी नाव-आडनावातली पहिली दोन-दोन अक्षरं घेऊन नाव ठेवलेलं, हे पिंपरीत नोकरीला असलेला आमचा मामा प्रत्येक लग्नाला नव्याने सांगायचा. तिच्या मागच्या सीटा समोरासमोर होत्या. गुडघ्याला गुडघे लावून सहा मुलं, मधे फराळाचा डबा, आणि कोण आधी ओकणार यावर पैजा. आताच्या तिसऱ्या रांगेत सगळे पुढे बघतात. मला तर फक्त पुढच्यांच्या मानाच दिसत होत्या.

गुडघे पाटावर बसल्यासारखे वर आले. एसीचं तोंड डोक्यावर घोंघावत होतं. वारज्याकडून आम्ही पुण्याच्या चांदणी चौकाकडे निघालो. तिथला जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरात रात्री स्फोट करून पाडला, तेव्हा आम्ही टीव्हीसमोर जागे होतो. नवीन झाल्यापासून नवऱ्याला अजून कुठली फांदी कुठे उतरते ते कळत नाही. आजही चुकला. पुढे अण्णा काहीतरी सांगत होते, नवरा काहीतरी म्हणत होता, लेक मागे वळून ओठ हलवत होती. मला काही ऐकू येत नव्हतं. मी दोनदा "काय?" म्हटलं आणि तिसऱ्यांदा म्हटलंच नाही.

मागच्या कोपऱ्यात एक छोटी तिकोनी काच आहे. पाऊस उघडून ऊन पडलं होतं. मी मनगट त्या काचेला लावलं. डाळिंब, सकाळचं देखणं डाळिंब, ढोपर फुटल्यावर लावायच्या लाल औषधासारखं दिसत होतं. शेंदरी भडक, जांभूळ आजारी. आणि आमसूल, ज्याच्याकडे मॉलमध्ये मी धड पाहिलंही नव्हतं, ते माझ्या कातडीत मिसळून, खाली रंग असा होताच की काय असं दिसत होतं. मी बराच वेळ बघत बसले. बावधनचा रस्ता, टेकडी, एक होर्डिंग, परत मनगट. दहा-बारा मिनिटं असतील. त्या वेळात कुणी मला चार्जर कुठे आहे ते विचारलं नाही, पाणी मागितलं नाही, उद्याच्या डब्याचं विचारलं नाही.

मग मागितलं. धाकट्याने हात मागे केला, मी बाटली पुढे केली, आणि परत घेताना मनगट मधल्या सीटच्या पाठीवर घासलं. बदामी रंगाचं कव्हर. त्यावर चार बोटांएवढं आमसूल.

वेट वाइपने ते आठ बोटांएवढं झालं. तेलाने निघतं हे मला माहीत आहे, पण टेस्ट ड्राइव्हला खोबरेल घेऊन कोण जातं! उतरल्यावर मी त्या मुलाला खरं काय ते सांगितलं. तो हसला. "मॅडम, टेस्ट ड्राइव्हची गाडी आहे. गेल्या आठवड्यात इथे मिसळ सांडलीय." मी तरी दोनदा माफी मागितली. नवऱ्याने तत्परतेने वहीत नोंद केली: सीट कव्हर गडद.

परतताना सगळ्यांचं मत पडलं. अण्णा: एसटी बरी, पण ही वाईट नाही. लेक: सनरूफ हवंच. धाकटा: मागे चार्जिंगचा पॉइंट आहे का? नवरा: हप्ता. सगळ्यांचं एकमत फक्त एका गोष्टीवर झालं, की मागची रांग बिनकामाची, तिथे कोण बसणार. मी म्हटलं, मी बसेन. सगळे हसले. नवरा म्हणाला, "उगाच त्याग नको." त्याग! मी स्पष्टीकरण दिलं नाही.

संध्याकाळी लेक म्हणाली, मग डाळिंब ऑर्डर करू का? मी म्हटलं, आमसूल बघ. तिने बघितलं. ऑनलाइन संपलंय. मॉलमधली दोन उरलेली डाळिंबाचीच होती. मला फार वाईट वाटलं नाही, थोडं वाटलं.

आत्ता लिहायला बसायच्या आधी स्वयंपाकघरात आई उद्यासाठी वरई निवडत होत्या. मी मनगटावर खोबरेल चोळत होते. वर न बघता त्यांनी विचारलं, "मागं काही ऐकू येत नव्हतं ना?"

"नाही."

"छान."

ताटातला एक खडा काढून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "आमच्या वाड्याला माळा होता." आणि पुन्हा वरई निवडायला लागल्या.

उद्या मोरपंखी. ब्लाउजला इस्त्री नाही.